बेन-हर: रथशर्यत वगळली तर काय उरतं?

चित्रवेडा
'बेन-हर'चा (१९५९) ११ ऑस्करचा विक्रम पुढे दोन सिनेमांनी गाठला, मोडला अजून कुणीच नाही. पण आजही तो धरून ठेवतो ते पुरस्कारांमुळे नव्हे. रथशर्यतच घ्या. आधी संगीतकार मिक्लोश रोझाच्या तुताऱ्या, रथांचं संचलन, सगळा रोमन थाट. शर्यत सुरू झाली की संगीत साफ बंद! मग नुसत्या टापा, चाकांची घरघर आणि लोकांचा गलका. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत खरंखुरं रिंगण उभारलं होतं, नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे. मोडक्या रथावरून उसळताना नायक जुडा बेन-हर पुढे फेकला जातो, ते ठरलेलं नव्हतं. स्टंटमन जो कनट खरोखरच उडाला, हनुवटीला लागण्यावर निभावलं. तो शॉट तसाच ठेवून जुडा झालेला चार्ल्टन हेस्टन परत रथात चढतो तेवढं जोडलं. इतकं जिवंत काम आज कुठे दिसतं?

रोखठोक
असहमत. ही शर्यत दिग्दर्शक विल्यम वायलरने नाही, अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांच्या दुसऱ्या युनिटने चित्रित केली. मग वायलरच्या वाट्याला काय राहिलं? साडेतीन तासांतला उरलेला रटाळ भाग. समुद्रातल्या लढाईतली गलबतं सरळसरळ खेळण्यातली वाटतात. अरब शेख इल्देरिम झालाय ह्यू ग्रिफिथ, म्हणजे तोंडाला रंग फासलेला वेल्श नट, आणि त्याला त्यासाठी ऑस्करही! शेवटी जुडाच्या आई-बहिणीचा कुष्ठरोग चमत्काराने बरा होतो. तीन तास सूडाची गोष्ट सांगायची आणि सोडवणूक देवावर टाकायची, हे मला पटत नाही.

ओवी
रोखठोक, शेखबद्दल पूर्ण सहमत, ते आज बघवत नाही. पण शेवट आयत्या वेळी आणलेला नाही. नाझरेथचा प्रसंग आठवा. साखळदंडातल्या कैद्यांना पाणी मिळतं, रोमन अंमलदार फक्त जुडाला नाकारतो. तो कोसळतो, तेव्हा कुणीतरी त्याला पाणी पाजतं. पाजणाऱ्याचा चेहरा आपल्याला दिसतच नाही, दिसते पाठ. अंमलदार दरडावत येतो, त्या चेहऱ्याकडे बघतो, काहीतरी बोलायला जातो आणि मुकाट मागे फिरतो. येशूचा सगळा प्रभाव त्या शिपायाच्या चेहऱ्यावर! पुढे क्रूस वाहणाऱ्या त्याच माणसाला जुडा पाणी द्यायला धावतो. हा धागा वायलरने आधीपासून विणलाय. माझ्यासाठी हा प्रसंग शर्यतीपेक्षा मोठा.

मध्यंतर
२०१६च्या आवृत्तीतही खरे घोडे होते, तरी ती आपटली. कॅमेरा एका जागी ठरतच नाही, कोण कुठे आहे तेच कळत नाही. जुन्यात जुडा आणि त्याचा मित्राचा वैरी झालेला रोमन मेसाला यांच्यातलं अंतर प्रत्येक फेरीला समजतं.

रोखठोक
ओवी, पाण्याचा प्रसंग उत्तम आहे, वाद नाही. पण विणलेला असला तरी चमत्कार तो चमत्कारच. मेसाला मरतो तेव्हा जुडाच्या हाती काहीच लागत नाही, उलट आई-बहीण कुष्ठरोग्यांच्या दरीत आहेत हे त्याच्याच तोंडून कळतं. सिनेमा तिथे संपवायला हवा होता.

चित्रवेडा
तिथे संपवला तर जुडा दुसरा मेसाला होऊनच राहतो. त्या बातमीनंतर तो रोमवर इतका पेटतो की त्याची प्रेयसी एस्थर त्याला तोंडावर सांगते, तू मेसाला झालायस. ती द्वेषाची आग त्याच्यातून कशी गेली हे बघायला तो शेवटचा अर्धा तास मला हवाच.