खान्देशातल्या बाळाला लोकरीचा स्वेटर कशाला? सुती विणा!

अमळनेरची मावशी:
भाचीला मुलगी झाली. सगळ्यांचं एकच, "मावशी, तू विणतेस ना, मग लोकरीची कुंची, स्वेटर, मोजे झाले पाहिजेत." मी तिन्ही विणले, पण सुती धाग्याचे. बारशाला बायकांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात ऊब कुठली?" तेव्हापासून मनात आहे, म्हणून इथे मांडते.

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. लेबल नसेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. सुताला कागद जळल्याचा वास, राख मऊ. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. होळी झाली की आपल्याकडे चटका सुरू होतो, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. त्या अॅक्रिलिकमध्ये बाळाला घाम येतो, तो घाम कापड पीत नाही, आणि मानेला पुरळ उठतं. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. सूत सोडून प्लास्टिक का विणायचं?

आणखी एक, धागा कुठलाही असो. बाळाच्या स्वेटरला मोठी जाळी घालू नका, बोट अडकतं. मोज्यांच्या आत धाग्याची टोकं लोंबती ठेवू नका. एखादं टोक बोटाभोवती आवळलं तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. टोकं उलट बाजूने चार-पाच टाक्यांमधून ओवा, मग कापा.

केळीवाली, यावल:
मावशी, माले ते पटत नई. बाळापुरतं ठीक, पण तुम्ही तर "का विणायचं" असं सगळ्यांनाच विचारताय. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते, कधी रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री शेतात असतो, पहाटे आठ-नऊ अंश. चिखलात पाय, बाह्या ओल्या. सुती स्वेटर भिजला की अंगावर थंड फडकं होतं आणि लवकर वाळतही नाही. माझ्या मालकांचा अॅक्रिलिकचा स्वेटर सहा वर्षं चाललाय. बादलीत धुते, दोरीवर टाकते, दुपारपर्यंत कोरडा.

आणि सूत विणायला हाताला जड. लोकरीसारखा लवचिकपणा त्याला नाही, मनगट दुखतं. बॉर्डर दोन महिन्यांत सैल पडते. मी एकदा विणला होता. हिवाळा संपेस्तोवर तो ढोपरापर्यंत आला.

अमळनेरची मावशी:
ढोपरापर्यंत आला, कारण दोरीवर वाळत घातला असणार. ओलं सूत स्वतःच्याच वजनाने ताणतं. खाटेवर पंचा अंथरून त्यावर आडवा पसरायचा, हाताने आकार द्यायचा. बॉर्डर स्वेटरच्या अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर, म्हणजे अंग १० वर असेल तर बॉर्डर १२ वर (नंबर मोठा तेवढी सुई बारीक). आणि गळ्याचे टाके मिटवताना जाड सुई घ्यायची, नाहीतर बाळाचं डोकं जात नाही. मनगटाचं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. मी एका बैठकीत अर्ध्या तासाच्या वर विणत नाही.

सूतगिरणीतला:
मी सूतगिरणीत नोकरी केली, म्हणून दोघींमध्ये बोलतो. नुसतं खोलीत ठेवलेलं सूतही हवेतला ओलावा घेतं, आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के. लोकर १६ च्या आसपास. अॅक्रिलिक दीड-दोनच. म्हणून घामात मावशींचं बरोबर, पाण्यात काकूंचं बरोबर.

पण काकू, एक गोष्ट कळकळीने सांगतो. रात्री शेतात शेकोटी असते. अॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, ओढून निघत नाही. सूतही पेटतं, पण असं चिकटत नाही. शुद्ध लोकर सहजी पेट घेत नाही, विस्तव दूर केला की बहुधा विझते. मालकांना वरून जाड सुती उपरणं किंवा घोंगडी घ्यायला सांगा.

केळीवाली, यावल:
हे ठाऊक नव्हतं दादा. सांगते आजच.

धुळ्याच्या दोन सुया:
सूत की अॅक्रिलिक हे नंतर. तुमच्यापैकी कुणी विणण्याआधी नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, मोजून बघतं का? माझं ठाम मत आहे की स्वेटर बिघडतो तो तिथे. हिशेब बघा. १० सेंटिमीटरला २२ टाके बसतील असं धरून ८० सेंटिमीटर छातीला १७६ टाके घातले. तुमचा हात घट्ट, बसले २४. स्वेटर निघाला ७३ चा. सात सेंटिमीटर गेले, आणि पंधरा दिवस गेले.

दुसरी फसगत सुईच्या नंबरात. आपल्याकडच्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पद्धतीत उलटं, तिथली ८ म्हणजे ५ मिलिमीटर. यूट्यूबवर बघून विणणाऱ्या मुली इथे हटकून चुकतात. मीही चुकले. नवऱ्यासाठी घातलेला स्वेटर मुलाला झाला. नंबर न बघता मिलिमीटर बघा.

नंदुरबारहून:
ताई, तुमचा हिशेब बरोबर, पण मला तुकडा विणणं मान्य नाही. आम्ही धाग्याच्या चार गुंड्या मोजून आणतो, तुकड्यात पाव गुंडी गेली की शेवटी बाहीला कमी पडते. परत दुकानात जावं तर त्या रंगाचा तोच लॉट नसतो, शेड वेगळी दिसते. माझी आई पाठीचा भाग घालायची आणि चार बोटं विणून झाली की अंगाला लावून बघायची. तोच तिचा तुकडा. चुकलं तर उसवायचं, धागा वाया नाही.

धुळ्याच्या दोन सुया:
उसवलेला धागा कुरळा होतो आणि टाके एकसारखे बसत नाहीत. त्याची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवून, खाली हलकं वजन लावून वाळवावी लागते. तुम्ही करता का तेवढं? शिवाय अंगाला लावून बघता तो न धुतलेला भाग. सूत पहिल्या धुण्यात आटतं, ते तेव्हा कळत नाही. चार गुंड्या लागणार असतील तर पाच आणा, एकाच लॉटच्या. उरलेलीची कानटोपी होते.

नंदुरबारहून:
लडीचं करते, आईनेच शिकवलं. पाचव्या गुंडीचे पैसे सगळ्यांकडे नसतात ताई, एवढं लक्षात घ्या. सुताच्या बाबतीत तुमचं मानते. अॅक्रिलिक धुण्यात आटत नाही, तिथे आईचीच रीत बरोबर.

आता गुंडी संपल्यावर गाठ मारायची की नाही, तेही सांगा. सासूबाई मधोमध गाठ मारतात.

धुळ्याच्या दोन सुया:
मधोमध कधीच नको. गाठ पुढे येते किंवा सुटते आणि भोक पडतं. नवी गुंडी ओळीच्या सुरुवातीला, कडेला जोडा, दोन्ही टोकं वीतभर सोडा, शिवणीत लपवा. शुद्ध लोकर असेल तर दोन टोकं उकलून, ओल्या तळव्यात घासली की एकजीव होतात, कारण लोकरीच्या केसाला खवले असतात. अॅक्रिलिक आणि सूत कितीही घासा, जुळत नाही.

केळीवाली, यावल:
मावशी, माझं मत बदललं नाही, शेतावर सूत चालणार नाही. पण नातू होईल मार्चमध्ये, त्याला तुमच्या पद्धतीने करून बघते. काल १० नंबरवर वीतभर तुकडा विणला, २५ टाके बसले १० सेंटिमीटरला. धुऊन खाटेवर पसरलाय. वाळला की परत मोजून इथेच लिहिते.

अमळनेरची मावशी:
लांबीही मोजा काकू, नुसती रुंदी नको. सूत लांबीला जास्त आटतं.