मुऱ्हा म्हैस चौथ्यांदा उलटली (रेतन करूनही परत माजावर आली), सोटात (माजाच्या चिकट स्रावात) पांढरे कण. मदत हवी आहे

वगारवाला
मुऱ्हा, तिसरं वेत, व्यायला 5 महिने झाले. व्याली तेव्हा वार (झार) अडकली होती, ती दुसऱ्या दिवशी हाताने ओढून काढली. 65व्या दिवसापासून 4 वेळा रेतन झालं, दरवेळी 20-22 दिवसांनी परत माज. सोट तारेसारखा लोंबतो, पण आत पांढरे कण असतात. चारापाणी, दूध व्यवस्थित. आज पहाटेपासून पुन्हा माजावर आहे. भरवू का? की पिशवीत (गर्भाशयात) 20 मिली ऑक्सीटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक सोडायला सांगू?

गोठा_डॉक्टर
दोन्ही नको. ते कण पुवाचे आहेत. अशा पिशवीत वीर्यकांडी सोडली की ती वाया जाते. बहुतेक ऑक्सीटेट्रासायक्लिन इंजेक्शनं प्रोपिलिन ग्लायकॉलमध्ये असतात, त्याने गर्भाशयाचं अस्तर भाजतं. कडक आयोडीनचंही तेच.

आजचा माज नमुन्यासाठी वापरा. डॉक्टरांना बोलवा. निरण (योनीचं बाहेरचं तोंड) धुऊन टिश्यू पेपरने कोरडं करायचं, निर्जंतुक सिरिंजला नवी शीथ (रेतनाची प्लास्टिक नळी) लावून आतूनच 5 मिली सोट ओढायचा, निर्जंतुक नळीत भरून बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यायचा. कोणतं प्रतिजैविक चालेल ते तिथे कळतं. खाली पडलेला सोट उचलून नेऊ नका, रिपोर्ट शेणाचा येईल!

वगारवाला
नमुना दिला. उरलेल्या 1 मिली सोटात डॉक्टरांनी 10 टक्के कॉस्टिक सोडा तेवढाच घालून उकळला, गडद पिवळा झाला. पण रिपोर्ट 3 दिवसांनी येणार, तोवर माज ओसरेल ना?

गोठा_डॉक्टर
पिवळा म्हणजे पिशवीचा दाह नक्की. माज ओसरू दे. माजापासून 10-11व्या दिवशी डॉक्टर हात घालून पीतपिंड (माजानंतर बीजांडकोशावर तयार होणारी गाठ) बघतील. असेल तर क्लोप्रोस्टेनॉल (माजावर आणणारं संप्रेरक) 500 मायक्रोग्रॅम, म्हणजे 2 मिली, स्नायूत. 3-5 दिवसांत माज येतो, पिशवी आकसून घाण बाहेर टाकते. तेव्हा सोट काचेसारखा असेल तर भरवा. गढूळ असेल तर रिपोर्टप्रमाणे औषध, आणि रेतन त्यापुढच्या माजाला. प्रतिजैविक दिल्यावर लेबलवर लिहिलेले दिवस डेअरीला दूध घालू नका.

क्लोप्रोस्टेनॉलचं इंजेक्शन गाभण जनावराला चुकून गेलं तर गाभडतं. घरातल्या गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या बाटलीला हातही लावू नये.

रेतन_कट्टा
एक राहिलं. म्हशीचा माज पहाटे आणि सांजेला बघायचा, बाकी वेळ मुका जातो, म्हणजे लक्षणं दिसत नाहीत. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन. कांडी 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद, थर्मामीटर लावून; बोटाने अंदाज नको. पुढच्या वेताला वार 12 तासांत पडली नाही तर ओढू नका, वजनही बांधू नका. लोंबणारा भाग कापून डॉक्टरांना बोलवा. तुटलेला तुकडा आत राहतो आणि तिथूनच हे सगळं सुरू होतं.

वगारवाला
10वा दिवस पुढच्या गुरुवारी येतो. पीतपिंड मिळाला की इथेच कळवतो.