बाबांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू झालंय, काय काय सांभाळावं?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. बाबा (वय ७१) साताऱ्याला असतात, मी बंगळुरूला. बाबांची प्रोस्टेट वाढलेली आहे हे आधीपासून ठाऊक होतं, पण आता लघवीला जळजळ होतेय, रात्री सारखं उठावं लागतंय आणि परवापासून थंडी वाजून ताप येतोय. तिथल्या डॉक्टरांनी लघवी कल्चरला (कोणता जंतू आहे, त्याला कोणतं औषध चालतं ते बघायला) पाठवलीय आणि रिपोर्ट येईपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० हे अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ चालू केलंय.

नेहमीची औषधं: ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन (साखरेची), टेल्मिसार्टन (बीपीची), संध्याकाळी जेवणानंतर कॅल्शियमची गोळी. कंबर धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी अलीकडेच टिझानिडीन (आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी) दिलीय, ती रात्री घेतात. दम्याचा इनहेलर आहे. थंडीत दम वाढला तेव्हा थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्याही झाल्या.

शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं की या गोळीने पायाची शीर (स्नायूला हाडाशी बांधणारी, टेंडन) तुटते. आई घाबरलीय, बंद करू का विचारते. मला जाणकारांकडून हवंय ते असं: ही गोळी खरंच एवढी वाईट आहे का, रात्रीचं दूध चालेल का, आणि काय झालं तर तडक डॉक्टरांकडे न्यायचं?

खलबत्ता:
निशिगंधताई, बाकीचं नंतर वाचा. आधी आईंना फोन करा आणि आजची टिझानिडीन देऊ नका म्हणून सांगा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टिझानिडीन एकत्र द्यायचीच नसतात. यकृतातलं जे एन्झाइम टिझानिडीन मोडून काढतं, तेच सिप्रो अडवून धरतं. त्यामुळे रक्तातली टिझानिडीन सुमारे दहापट वाढते. बीपी एकदम खाली येतं, प्रचंड गुंगी येते. प्रोस्टेटचा माणूस रात्री लघवीला उठणार, उठताना चक्कर येऊन पडणार, आणि एकाहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडणार. मला शिरेपेक्षा याची भीती जास्त वाटते. थांबवली की दोन्ही डॉक्टरांना कळवा. बहुतेक एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दिसलेली नाही.

मी कोल्हापुरात मेडिकल चालवतो. हा प्रकार नेहमी असाच होतो: कंबरेची चिठ्ठी एका दुकानात, लघवीची दुसऱ्या दुकानात. सगळ्या औषधांचा एकच कागद करून बाबांच्या खिशात ठेवा.

आता दूध. सिप्रो नुसत्या दुधासोबत किंवा दह्यासोबत घ्यायची नाही. कॅल्शियम, लोह, झिंक आणि अॅसिडिटीचं ते पांढरं पातळ औषध (त्यात अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं) गोळीला पोटातच धरून ठेवतात, मग ती रक्तात पुरेशी उतरतच नाही. गोळी खाल्ली तरी ताप उतरत नाही, असं होण्याचं हेही एक कारण असतं. सिप्रो आधी घ्यायची आणि कॅल्शियम किमान दोन तासांनी. कॅल्शियम आधी झालं असेल तर सिप्रोपूर्वी सहा तास जाऊ द्यायचे. माझं मत विचाराल तर कोर्स संपेपर्यंत डॉक्टरांना विचारून कॅल्शियम बंदच ठेवा, तेवढ्यात हाडं काही ठिसूळ होत नाहीत. जेवणात थोडं दही-ताक असलं तर बिघडत नाही. अॅसिडिटीची पँटोप्राझोल गोळी चालते. पाणी भरपूर प्यायला सांगा. चहा मात्र कमी करा, सिप्रोमुळे चहा-कॉफीतलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मग हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं ताप डोक्यात गेला.

निशिगंध:
आईला लगेच फोन केला. कालपासून बाबांना उभं राहिलं की गरगरतंय, ते तापामुळे असेल असं ती धरून चालली होती. टिझानिडीन बाजूला काढून ठेवलीय. साताऱ्याच्या डॉक्टरांशीही बोलले, त्यांना तिची कल्पनाच नव्हती. बीपी मोजायला घरी माणूस पाठवतायत. खलबत्तादादा, तुमचे खूप खूप आभार.

गोदाकाठ:
मी नाशिकला फिजिशियन आहे. खलबत्ता यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. मी मूळ प्रश्नाकडे येतो.

गोळी वाईट नाही. फ्लुओरोक्विनोलोन हे मोठं कामाचं कुटुंब आहे: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन. जंतूला आपल्या डीएनएचा पीळ सोडवायला जी एन्झाइम्स लागतात ती ही औषधं जखडून टाकतात. १९६२मध्ये क्लोरोक्वीन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून नॅलिडिक्सिक अॅसिड सापडलं, त्याची ही पुढची पिढी. यातली बहुतेक तोंडाने घेतली तरी जवळजवळ इंजेक्शनइतकी पोचतात आणि मुख्य म्हणजे प्रोस्टेटमध्ये शिरतात. लघवीच्या संसर्गावर चालणारी कितीतरी औषधं, उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइन, मूत्राशयात छान काम करतात पण प्रोस्टेटमध्ये पुरेशी पोचत नाहीत. पुरुषाला लघवीच्या त्रासाबरोबर थंडीताप असेल तर प्रोस्टेट धरलंय असं मानूनच चालावं लागतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांची निवड समजण्यासारखी आहे आणि त्यांनी आधी कल्चर पाठवलं याबद्दल मला फार बरं वाटलं. अनेक ठिकाणी ते होतच नाही.

आता शीर. काकू उगाच सांगत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००८मध्ये या औषधांच्या वेष्टनावर टाचेमागची शीर सुजण्याचा आणि तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला. पुढे मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकतात असा आजार) रुग्णांसाठी इशारा आला (२०११), मग हातापायांच्या नसांसाठी (२०१३). २०१६मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं की सायनस, ब्राँकायटिस आणि बायकांचा साधा लघवीचा संसर्ग यांवर दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नका. २०१८मध्ये साखर एकदम खाली जाण्याचा आणि मनावर होणाऱ्या परिणामांचा इशारा आला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी महाधमनीचा (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी). ज्यांची महाधमनी फुगलेली आहे त्यांनी ही औषधं टाळायची.

एकूण रुग्णांत शीर तुटणं विरळाच. पण वय साठीच्या वर, सोबत स्टेरॉइड, मूत्रपिंड कमजोर, असं एकावर एक जमलं की शक्यता वाढते. बाबांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आता चालू आहेत की संपल्या, हे नक्की करा आणि डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) अलीकडे तपासलं नसेल तर तपासून घ्या, डोस त्यावर ठरतो.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त जपेन ते साखरेला. ग्लिमेपिराइड आणि सिप्रो एकत्र, त्यात तापामुळे जेवण कमी. साखर पहाटे घसरली तर कळायलाही उशीर होतो. घरी मशीन असेल तर दिवसातून तीन-चारदा बघा. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर साखर-पाणी पाजा आणि मग फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना गाठा: टाच, खांदा किंवा मनगटाच्या शिरेत नव्याने दुखणं वा सूज. हातापायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा. भ्रम, विचित्र भीती, झटका. छातीत धडधड होऊन अंधारी येणं. छाती, पाठ वा पोटात अचानक जोराची कळ. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं. पाण्यासारखे वारंवार जुलाब, विशेषतः आव-रक्त पडत असेल तर. आणि यातलं काहीच नसेल तर आईंनी घाबरून गोळी मध्येच तोडू नये. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा लघवीचा संसर्ग रक्तात उतरला तर ते शिरेपेक्षा कितीतरी मोठं संकट असतं.

टेकडीवाली:
शिरेबद्दल माझा अनुभव लिहिते. मी पुण्यात नियमित पळते, ट्रेकला जाते. प्रवासात पोट बिघडलं तेव्हा एका दवाखान्यातून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी मिळाली. जुलाब थांबले. गोळ्या संपून बरेच दिवस झाल्यावर जिना उतरताना दोन्ही टाचांच्या वर दुखायला लागलं. सकाळी पहिली पावलं टाकणं नको व्हायचं. ऑर्थोपेडिकने पहिला प्रश्न विचारला तो अलीकडे घेतलेल्या अँटिबायोटिकचा. पळणं पूर्ण बंद, टाचेखाली उंचवटा, मग फिजिओने हळूहळू व्यायाम वाढवत नेले. शीर तुटली नाही, पण वर्षाचा बराचसा भाग त्यात गेला.

म्हणून सांगते, कोर्स संपला म्हणजे विषय संपला असं नाही. पुढचे काही महिने टाच दुखली तर तेल लावून चोळू नका, ताणायचे व्यायाम करू नका, आधी दाखवा. आणि साध्या जुलाबाला मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस पुरतं, बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

लेस्टरकर:
इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४पासून नियम आणखी कडक झालाय. नेहमीची इतर अँटिबायोटिक चालत नसतील तेव्हाच ही द्यायची. माझ्या मिस्टरांना प्रोस्टेटसाठी दिली तेव्हा जीपीने (तिथले फॅमिली डॉक्टर) आधी दुष्परिणामांचा छापील कागद हातात ठेवला, पूर्वी कधी टाच दुखली होती का विचारलं, मग लिहून दिली. त्यांना काही त्रास झाला नाही. उन्हात मात्र जपा, मिस्टरांची मान बागेत काम करून लाल झाली होती. साताऱ्याच्या उन्हात बाबांना टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा.

सोनचाफा:
धाग्यात मध्येच विचारते, माफ करा. सासूबाईंना बरेच दिवस खोकला आहे, संध्याकाळी कणकण असते, वजनही उतरलंय. मेडिकलवाल्याने लिव्होफ्लॉक्सॅसिन दिली. दोन दिवसांत बरं वाटायला लागलं, आता पुन्हा खोकला सुरू. तीच परत घ्यावी का?

तिसरा_मजला:
सोनचाफाताई, कृपा करून परत घेऊ नका. मी मुंबईत क्षयरोगाच्या रुग्णांसोबत काम करते आणि तुम्ही लिहिलेली गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकत असते.

लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूवरही चालते. त्यामुळे छातीत टीबी असेल तर चार दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, थुंकीतले जंतू कमी होतात आणि तपासणीत निसटतात. निदान लांबतं. तोवर घरातल्या नातवंडांच्या अंगावर खोकणं चालूच असतं. आणि एकट्या औषधाचा मार बसलेले जंतू त्या औषधाला सरावतात.

हे इतकं गंभीर का, तर लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही एमडीआर टीबीच्या (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) उपचारातली पहिल्या फळीची औषधं आहेत. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असा सहा महिन्यांचा नवा उपचार २०२४मध्ये आपल्याकडेही मंजूर झाला. त्याआधी लोकांनी दीड-दोन वर्षं गोळ्या आणि इंजेक्शनं सोसली आहेत, काहींचे कान गेले. एमडीआरच्या जंतूने फ्लुओरोक्विनोलोनलाही दाद दिली नाही तर त्याला प्री-एक्सडीआर म्हणतात, आणि मग उपचारच अवघड होऊन बसतो. खोकल्यासाठी सहज दिलेली गोळी उद्या कुणाच्या तरी उपचारातून हे औषध काढून घेते.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन: उद्याच सरकारी दवाखान्यात थुंकी द्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी तिथे मोफत होते. लिव्होफ्लॉक्सॅसिन घेतल्याचं आणि कधीपर्यंत घेतली तेही आवर्जून सांगा.

खलबत्ता:
तिसरा_मजला यांना पूर्ण अनुमोदन. लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत आणि दिल्यावर रुग्ण, डॉक्टर, औषध यांची नोंद वहीत करून ती तीन वर्षं जपावी लागते. हा नियम मार्च २०१४पासून आहे. वेष्टनावर लाल चौकट असते, बघून घ्या. माझ्याच व्यवसायातले लोक हे पाळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोदाकाठ:
याच कुटुंबातली गॅटिफ्लॉक्सॅसिन साखर वरखाली करते म्हणून आपल्याकडे २०११मध्ये पोटात घ्यायला आणि इंजेक्शनला बंद झाली, डोळ्यांत घालायचे थेंब तेवढे राहिले. टायफॉइडचंही सांगतो. एकेकाळी सिप्रोने टायफॉइड हमखास बरा व्हायचा. आता भारतातले बहुतेक टायफॉइडचे जंतू तिला नीट दाद देत नाहीत, अॅझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन वापरावं लागतं. जुनी चिठ्ठी बघून घरीच सिप्रो सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गरोदर बायका आणि लहान मुलांनाही ही औषधं शक्यतो देत नाहीत, वाढत्या सांध्यांच्या कूर्चेची काळजी असते म्हणून.

निशिगंध:
कल्चर आलं. ई. कोलाय हा जंतू निघाला आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर रेझिस्टंट (दाद देत नाही) लिहिलंय. आम्ही सगळे शिरेची काळजी करत बसलो होतो आणि गोळी मुळात लागूच पडत नव्हती, म्हणून ताप पूर्ण उतरत नव्हता. डॉक्टरांनी आजपासून कोट्रायमोक्सॅझोल हे दुसरं अँटिबायोटिक दिलंय, त्याला जंतू सेन्सिटिव्ह (दाद देणारा) आहे आणि प्रोस्टेटमध्येही पोचतं म्हणाले. टिझानिडीन थांबल्यापासून गरगरणं गेलं. आता सिप्रो बंद झाली म्हणजे टिझानिडीन आणि कॅल्शियम पुन्हा चालू करू का?

खलबत्ता:
कॅल्शियम चालेल. टिझानिडीन हाडांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि कंबर बरी असेल तर नकोच.

नवीन गोळीबाबतही दोन गोष्टी आजच डॉक्टरांना विचारा. कोट्रायमोक्सॅझोलसोबतही ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो, तेव्हा साखर मोजणं थांबवू नका. आणि टेल्मिसार्टन चालू असल्याने रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तीन-चार दिवसांत तपासायचं का, ते विचारून घ्या. तोवर बाबांना नारळपाणी देऊ नका. तापात अशक्तपणा म्हणून आई नक्की देत असतील.

निशिगंध:
देतेय! रोज एक. आत्ताच फोन करते.