ॲव्हरेज ६२ वरून ५१, सगळं इथेनॉलच्याच माथी मारायचं का?

सासवडकर_१००सीसी: २०१३ ची १०० सीसी गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली, रोज सासवड ते हडपसर दिवे घाटातून. आधी ६२ द्यायची आता ५१ वर आलीये. मेकॅनिक म्हणतो पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, असंच होणार, आणि वर पेट्रोलच्या पाइपला ६०० रुपयांचं मॅग्नेट लावून दिलं, काडीचा फरक नाही. घाट उतरताना न्यूट्रल करतो तरी ही गत.

पाना_दहाबारा: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के गेले, तेही निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर. ६२ चे ५८ होतील, फार तर ५७. बाकीचं तुझी गाडीच खातेय. प्लग काढ आणि रंग सांग.

सासवडकर_१००सीसी: काळाकुट्ट. बोटाला काजळी लागली.

पाना_दहाबारा: मग इथेनॉल सुटलं रे या केसमधून! त्यात ऑक्सिजन असतो, त्याने मिक्श्चर उलट लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, प्लग पांढरट पडेल, काळा नाही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त नाहीतर हवा कमी. एअर फिल्टर बघ, थंड गाडी चालू करताना हवा अडवायला ओढतो तो चोक नंतर पूर्ण बंद होतोय का बघ. मॅग्नेट फ्रीजला लाव.

घाटातला_माणूस: न्यूट्रल आधी सोडा दादा, इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ड्रम ब्रेक तापले की ऐन वळणावर लागत नाहीत. बीएस६ इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर बहुतेक वेळा गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की पेट्रोल तुटतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पीत राहते. तुमच्या कार्बला थेंब-दोन थेंब वाचत असतील, पण एवढ्यासाठी कशाला. आणि मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय.

सासवडकर_१००सीसी: चोकची पट्टी अर्धी वरच अडकलेली निघाली, केबल गंजलेली, पावसाळ्यापासून तशीच चालवत असणार मी. फिल्टर नवीन टाकला. चाक एक चक्कर पण पूर्ण करत नव्हतं, ब्रेक सैल केला. मग टाकी फुल टू फुल मोजलं, ३१२ किलोमीटरला साडेपाच लिटर, म्हणजे ५६ च्या वर. घाट आता तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मॅग्नेट खरंच फ्रीजवर आहे, लाइटबिल धरून ठेवलंय.