लिनक्स फोनवर डिफॉल्ट म्युझिक प्लेअर कोणता ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र जुन्या वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस (फोनसाठीचं लिनक्स) टाकून ते फोन घरातल्यांना आणि ओळखीतल्यांना वापरायला देतोय, वर फॉश (ग्नोमवर आधारलेला फोनचा इंटरफेस) आहे. फोन २०१८ चे असले तरी स्नॅपड्रॅगन ८४५ अजून मस्त चालतो आणि हेडफोनचा जॅकही आहे, म्हणजे निदान गाणी ऐकायला तरी एकदम बेस्ट. आता सगळ्या फोनवर एकच सेटअप ठेवायचाय आणि गाडी अडलीये म्युझिक प्लेअरवर. माझ्यासाठी एखादा निवडायचा असता तर विचारलंच नसतं, पण हे फोन ज्यांच्या हातात जाणार त्यातले बरेचजण टर्मिनल उघडणार नाहीत की दुसरं ॲप शोधत बसणार नाहीत, आपण जे देऊ तेच ते वापरणार, म्हणून नीट निवडायचंय.

आधी ऐकणारे कोण ते सांगतो. आत्याकडे कीर्तनं आणि अभंग, सगळं फोल्डर करून ठेवलेलं, टॅग (फाइलमधली गायक-अल्बमची माहिती) जवळपास नाहीतच, आणि जिथे आहेत तिथे कुठे भीमसेन देवनागरीत तर कुठे रोमनमध्ये, त्यामुळे आर्टिस्टच्या यादीत एकच माणूस दोनतीन ठिकाणी दिसतो. एका मित्राच्या वडिलांकडे शास्त्रीय संगीताच्या सीडींवरून काढलेल्या फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फाइल्स आहेत. त्यात विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅक बदलतो आणि तिथे अर्ध्या सेकंदाची जरी फट पडली तरी त्यांना ती खटकते, आणि बरोबरच आहे, समेवर यायच्या वेळी आवाज तुटला तर ऐकण्यात काय राहिलं.

आता जे बघितलंय ते.

अँबेरॉल दिसायला फार सुंदर, अरुंद स्क्रीनवर छान बसतं, बॅकग्राउंडला चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे. पण त्यात लायब्ररी हा प्रकारच नाही, फोल्डर द्या, रांग लागते, वाजतं. बनवणाऱ्यांनी मुद्दाम एवढंच ठेवलंय आणि मला ते आवडतं, फक्त शेकडो अल्बमवाल्याचं त्यात भागणार नाही.

गॅपलेस, म्हणजे पूर्वीचं जी४म्युझिक, हे सध्या माझ्या मनात पहिलं आहे. जीटीके ४ वर (ग्नोम ॲप्स ज्यावर बनतात त्या टूलकिटची नवी आवृत्ती) आहे, हलकं आहे, नावाप्रमाणे दोन ट्रॅकमध्ये फट पडू देत नाही, शिवाय रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय) आहे त्यामुळे जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज बारीक आणि नव्याचा मोठा असा त्रास कमी होतो. काकांचं काम झालं, पण आत्याच्या फोल्डरांचं काय?

एलिसात फाइल्सचा वेगळा व्ह्यू आहे, म्हणजे आत्याला सोयीचं, पण ते केडीईचं (ग्नोमहून वेगळा डेस्कटॉप), फॉशवर घ्यायचं तर क्यूटी या त्यांच्या टूलकिटचं सगळं सामान सोबत येतं. लॉलीपॉप जुनं आणि भरपूर सोयींचं, पण ते जीटीके ३ वर आहे आणि मला आज नवीन सेटअप करताना जुन्या पायावर उभं राहावंसं वाटत नाही. एमपीडी (मागे चालणारा म्युझिक सर्व्हर) मी स्वतः लॅपटॉपवर वापरतो, फोल्डरनिहाय ऐकायला त्याच्यासारखं काही नाही, पण सर्व्हर वेगळा, क्लायंट वेगळा हे घरच्यांना कसं द्यायचं?

आता खरा प्रश्न. फोन सस्पेंडला गेला की प्रोसेसरच झोपतो, मग गाणंही थांबतं. म्हणजे वाजत असताना प्लेअरने किंवा सिस्टमने ती झोप अडवली पाहिजे. ऑटो सस्पेंड सरसकट बंद केलं तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल, ते नकोय. तुमच्याकडे कुठला प्लेअर स्क्रीन बंद असताना तासभराचं कीर्तन न थांबता वाजवतो? लॉक स्क्रीनवरची प्ले-पॉजची बटणं एमप्रिसवरून (प्लेअर बाहेरून चालवायची ठरलेली पद्धत) येतात, तेवढं बहुतेकांत आहे, त्याची काळजी नाही.

दुसरं, डिफॉल्ट एकच ठेवायचा की दोन? व्हॉट्सॲपवरून आलेली एखादी ऑडिओ फाइल कॉम्प्युटरवरून फोनमध्ये टाकून तिच्यावर बोट ठेवलं की अख्खी लायब्ररी उघडण्यापेक्षा छोटं काहीतरी उघडलेलं बरं. त्यासाठी डेसिबल्स हा छोटा ऑडिओ प्लेअर आहे, मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ पासून ते ग्नोमच्या मूळ ॲपमध्येच आलंय. म्हणजे फाइल उघडायला डेसिबल्स आणि संग्रहासाठी गॅपलेस, असं कोणी ठेवलंय का? की दोन आयकॉन बघून घरचे गोंधळतात?

एम४ए फाइल्ससाठी जीस्ट्रीमरचे (ही ॲप्स आवाज वाजवायला वापरतात ती लायब्ररी) बॅड आणि लिबएव्ही प्लगिन वेगळे टाकायचे हे माहितीये, देवनागरी नोटो फॉन्टचं पॅकेजही टाकतो, तेव्हा ते सोडून सांगा.

आणि प्लीज, "अँड्रॉइडच ठेवा" हे उत्तर नको. पाइनफोन किंवा लिब्रेम ५ या लिनक्स फोनवाल्यांचा अनुभवही चालेल, फक्त कुठला फोन आणि फॉश की प्लाझ्मा मोबाइल (केडीईचा फोन इंटरफेस) तेवढं लिहा. पुढचे फोन दिवाळीत द्यायचेत, त्याआधी ठरवायचंय.