तोडलेल्या जागी आपसूक उठणाऱ्या रानाला काय म्हणायचं?

विचारणा (खानापूर; पुढं प्रत्येक बोलणाऱ्याची ओळख त्याच्या गावानं): पुस्तकी मराठीत 'नैसर्गिक पुनरुत्पत्ती' आणि 'दुय्यम वन' असे शब्द आहेत. जांबोटी-कणकुंबीकडं बोलताना ते कुणाच्या तोंडी येत नाहीत. तोड झाल्यावर किंवा कुमरी (रान जाळून केलेली फिरती शेती) सोडल्यावर, न लावता जे रान उठतं, त्याला 'फुटवा' म्हटलं तर चालेल का?

जांबोटी: निम्म्या रानापुरतं चालेल. फुटवा खुंटाचा. ऐन, किंजळ, नाना, जांभूळ तोडले तरी खालून धुमारे काढतात, कारण मुळं जिवंत असतात आणि त्यांच्यात साठा असतो. जमिनीलगत, तिरका आणि साल न फाटता घाव बसला तर फुटवा टिकतो. कमरेएवढा खुंट ठेवला की धुमारे वरच्या कडेला येतात. पुढं खुंट कुजतो आणि ते वाऱ्यानं उचकटून पडतात. एका खुंटाला दहा-बारा धुमारे आले तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर अगदी तळाचे जोमदार एक-दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. बी रुजून आलेल्या झाडाला मात्र 'रोप'च म्हणा. ओळखायला सोपं आहे बघा: बुडाशी चार बोटं माती उकरायची. जुनं लाकूड किंवा गाठ लागली तर फुटवा, सरळ सोटमूळ लागलं तर रोप.

लोंढा: हा फरक 'कुमरी' शब्दातही आहे. गोव्यात तिलाच 'कुमेरी' म्हणतात. रान तोडायचं, वाळवून पावसाआधी जाळायचं, राखेत नाचणी करायची आणि एक-दोन पिकांनंतर जागा सोडायची. नांगर नसल्यानं खुंट, मुळं जमिनीतच राहतात, म्हणून जुन्या कुमरीवर फुटव्याचं रान लवकर उठतं. जिथं खुंट उपटून वर्षानुवर्षं नांगरट झाली, तिथं सगळी भिस्त बियांवर. ऐन-किंजळाची पंखाची फळं वाऱ्यानं येतात, जांभूळ-अंजनी पाखरं आणतात. मोठ्या बिया धनेश पक्षी आणतो, पण जवळ जुनं रान असेल तरच. जांभळाचं बी वाळलं की मरतं, पुढच्या पावसाची वाट बघत नाही. चांदाड्याचं झाड मात्र उघड्या उन्हात पहिल्यांदा येतं. त्याला निरुपयोगी म्हणून तोडू नका, त्याच्याच सावलीत पुढची झाडं येतात.

बेळगाव: 'दुय्यम' ऐकलं की कमी प्रतीचं वाटतं, म्हणून मला तो शब्द नको. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणांचा अभ्यास आला. आपसूक वाढलेल्या रानात माती १० वर्षांच्या आत सावरते, रानाची ठेवण आणि जातींची विविधता २५ ते ६० वर्षांत येते, पण पूर्वीच्याच जातींचा मेळ जमायला १२० वर्षांहून जास्त लागतात. ते आकडे तिथले. आपल्याकडं वणवा आणि चराई यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

कणकुंबी: वणव्याच्या आधी रानमोडीचं, म्हणजे मोकळ्या जागी माजणाऱ्या त्या झुडपाचं, नाव घ्या. ती उन्हाळ्यात वाळते, पेट घेते आणि लहान रोपं त्यात जातात. नुसती छाटली तर बुडातून पुन्हा फुटते, म्हणून पावसाळा सरताना, माती ओली असताना आणि फुलायच्या आत मुळासकट उपटायची. शिमग्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, साफ करायची. करवंदीची जाळी तेवढी राखा. जनावराचं तोंड आत पोचत नाही, तिथंच किंजळाची रोपं सापडतात.

खानापूर: मग शब्द असे धरूया: खुंटाचं ते 'फुटव्याचं रान', बियांचं ते 'रोपांचं रान', दोन्ही मिळून 'आपसूक रान'. मोजताना १० बाय १० मीटरचा चौकोन आखायचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. त्यात फुटवे आणि रोपं वेगळी मोजायची. चाळीसनं गुणलं की एकराचा अंदाज, शंभरनं गुणलं की हेक्टरचा. असे चौकोन चढावर, उतारावर आणि जुन्या रानाच्या कडेला वेगवेगळे घ्या, एकाच जागचा आकडा फसवतो. फुटवे भरपूर आणि रोपं नाममात्र असली तर बी येत नाही किंवा आलेलं जगत नाही, असं समजून आधी चराई आणि आग बघा. लागवडीचा विषय त्यानंतर.