मामा तलावातले बुडीत खुंट: काढावे की ठेवावे?

तलावकाठ:
गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी सिंचनासाठी बांधलेला) तलाव आहे, मासेमारीचा ठेका धिवर बांधवांच्या संस्थेकडे. उन्हाळ्यात गाळ काढायचं काम लागणार. त्याच पोकलँडने तळातले बाभळीचे, येनाचे जुने खुंटही उपसून टाका, असं अर्ध्या सभासदांचं म्हणणं. ओढजाळं अडकून फाटतं हे खरंच आहे. पण मरळ आणि वाम लागतात त्याही खुंटांपाशीच. काय काढावं, काय ठेवावं? नवीन लाकूड टाकायचं तर कसं?

जाळंविणकर:
भाऊ, ओढजाळ्यासाठी एक पट्टा मोकळा करा, बाकीच्याला हात लावू नका. पट्ट्याची रुंदी जाळं पसरतं तेवढी, वर दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. ओढताना जाळं एका बाजूला सरकतंच.

पट्ट्यातले खुंटही मशीनने उपटू नका. मुळासकट निघाला की खालचा चिकणमातीचा थर फाटतो आणि पाणी झिरपायला लागतं. मग दिवाळीनंतर तलाव का उतरला म्हणून सगळे एकमेकांकडे पाहतात. खुंटाभोवतीची माती वीतभर उकरा, साल सोलून गाळ धुऊन काढा (रेती राहिली तर करवतीची साखळी लगेच बोथट होते), खाली कापा आणि माती परत लोटा. बोटभर बुंधा वर राहिला तरी जाळ्याची खालची दोरी त्यातच अडकते.

उरलेल्या खुंटांना अडकलेले जुन्या जाळ्यांचे तुकडे मात्र एकूण एक कापून काढा. नायलॉन कुजत नाही. मालक विसरला तरी ते जाळं मासे मारतच राहतं.

पाणवनस्पती_भंडारा:
सभासदांना एक गोष्ट नीट सांगा. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर बोटुकली विकत आणून सोडावी लागते. "खुंट ठेवले की रोहू वाढेल" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं: पिल्लं होणार नाहीत, पण बुडीत लाकडावर शेवाळाचा थर धरतो, तो रोहू खरवडून खातो.

मरळीचं वेगळं. ती पावसाळ्यात काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालते आणि पिल्लांचा थवा राखते. त्यामुळे खुंट वाचवले आणि पोकलँडने काठ उभा कापला, तर मरळ गेलीच समजा. देवधान (रानभात), कमळ, हायड्रिला जिथे आहे तो उतार तसाच सोडा.

बेशरमला आसरा म्हणून सोडू नका. ती उन्हाळ्यात मुळासकट काढून पाळीपलीकडे (तलावाच्या बांधापलीकडे) वाळवा. ओल्या मातीत पडलेला तुकडाही परत फुटतो.

लाकूडफाटा:
नवीन लाकडाबद्दल. ताजी हिरवी फांदी टाकू नका. पानं सडताना पाण्यातला प्राणवायू खातात, उन्हाळ्याच्या उथळ पाण्यात मासे पहाटे वर येऊन तोंड मारताना दिसतात. कापून दोन-तीन आठवडे ठेवा, पानं झडू द्या.

दोन मीटर लांबीच्या फांद्यांचा कवेत मावेल एवढा भारा, जीआय तारेने तीन ठिकाणी बांधायचा. फार आवळू नका, मुठीएवढ्या फटी हव्यात, नाहीतर मासा आत शिरणार कुठून? वाळलेलं लाकूड तरंगतं, म्हणून प्रत्येक भाऱ्याला तीस-तीस किलोचे दोन दगड. दगड पाण्यात हलका होतो, तीस किलोचा जेमतेम एकोणीसचा भार देतो. सिमेंटच्या पोत्यात माती भरून बांधू नका, पोतं एका उन्हाळ्यात फाटतं. जाड खोड असेल तर तलाव कोरडा असतानाच एक तृतीयांश गाडा, दगडाची कटकट नाही.

चार-पाच भारे एकत्र, निम्मे डोहात, निम्मे मधल्या उतारावर. मे महिन्यात काहीतरी पाण्याखाली राहिलंच पाहिजे. तुडूम (शेतीला पाणी सोडायची मोरी), सांडवा, घाट आणि गुरांच्या वाटेपासून लांब. तुडुमात फांदी अडकली तर शेतकरी पहिले तुमचंच नाव घेतील.

तलावकाठ:
जुने टायर फुकट मिळतात. चालतील?

लाकूडफाटा:
नाही. त्यातून रसायनं झिरपतात, आणि गाळात रुतले की काढणं लाकडापेक्षा अवघड.

पाळवाला:
कागदाचंही पाहा. 2017 चे पाणथळ नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागू नाहीत, म्हणून "कायद्याने खुंट वाचतील" या भरवशावर राहू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, नकाशात ओढजाळ्याचा पट्टा आणि राखीव भाग दाखवा, आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या लघु पाटबंधारे विभागाकडे काम सुरू होण्याआधी द्या. झाडं वनजमिनीवरची असतील तर कापण्याआधी वन विभागाची परवानगी.

पोकलँडवाल्याला मात्र कागद दाखवून भागत नाही. ठेवायच्या प्रत्येक खुंटाला लाल कापड बांधलेली बांबूची काठी, आणि त्याच्या भोवती दोन मीटर चुन्याची रेघ. रात्रपाळी असेल तर एक सभासद मशीनपाशी उभा करा.